स्पूल टेपरेकॉर्डरची घरच्या घरी दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरे पाव इंची टेपवर चालणाऱ्या, साधारण १९५० ते १९८०च्या दशकांत बनलेल्या घरगुती स्पूल मशीनसाठी आहेत. क्रम मुद्दाम दुरुस्तीचाच ठेवला आहे. आधी वीज, मग चाके-पट्टे, मग हेड, मग सर्किट आणि सगळ्यात शेवटी जुळणी. बहुतेकांचा हात आधी सर्किटातल्या छोट्या स्क्रूंकडे जातो आणि तिथेच घोळ होतो. आणखी एक पथ्य पहिल्यापासून पाळा. मशीन चाचणीला असेपर्यंत त्यावर फक्त टाकाऊ टेप लावायची. मशीनचा सुटा भाग कुठेतरी मिळतो, टेपवरचा आवाज दुसरीकडे कुठेच नसतो.

वीस-तीस वर्षे बंद असलेले मशीन मिळाले आहे. प्लग लावून बघू का?

नको. आधी झाकण काढा आणि अर्धा तास नुसते बघा. मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका ११०वर आहे की २२०वर, फ्यूज मूळ मापाचा आहे की कोणी तार गुंडाळून ठेवली आहे, वायरचे रबर तडकले आहे का, कपॅसिटर फुगलेत किंवा पाझरलेत का, कुठे काळपट डाग किंवा जळका वास आहे का, हे तपासा. मग दोन्ही स्पूलच्या बैठका, फ्लायव्हील (वेग स्थिर ठेवणारे जड चाक) आणि पिंच रोलर (टेपला फिरत्या दांड्यावर दाबणारे रबरी चाक) हाताने फिरवून पाहा. जे हाताने फिरत नाही ते मोटारीनेही फिरणार नाही, उलट मोटारच तापेल.

पहिल्यांदा वीज देताना मशीनच्या मालिकेत फिलामेंटचा बल्ब जोडा. छोट्या ट्रान्झिस्टर मशीनला ६० वॅटचा, व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) किंवा तीन मोटारींच्या मशीनला १०० वॅटचा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब लावलेला असताना मोटार कुंथत फिरते, तो दोष समजू नका. ही चाचणी फक्त शॉर्ट शोधण्यासाठी आहे.

उघड्या मशीनमध्ये शॉक कुठून लागतो?

तीन ठिकाणांहून. मेन्सचा स्विच आणि मोटारीची जोडणी मशीन ‘बंद’ असतानाही जिवंत असू शकते, म्हणून प्लग काढल्याशिवाय आत हात नाही. व्हॉल्व्ह मशीनच्या फिल्टर कपॅसिटरवर २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. तो २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटरला आणि डोळ्यांना, दोघांनाही वाईट. तिसरी जागा लोक विसरतात, ती म्हणजे मोटारीचा स्वतःचा कपॅसिटर.

चालू केल्यावर ‘फट्’ आवाज झाला आणि दुर्गंधी येणारा दाट धूर निघाला. मशीन गेले का?

बहुधा नाही. मेन्सच्या स्विचजवळ किंवा रिलेवर ठिणगी दाबण्यासाठी बसवलेला कागदी कपॅसिटर फुटला असणार. रिफा बनावटीचे पिवळसर, पारदर्शक कवचाचे असे कपॅसिटर युरोपीय मशीनमध्ये सर्रास सापडतात. त्यांच्या कवचाला वयानुसार बारीक तडे जातात, त्यातून आतला कागद दमट होतो आणि मेन्स मिळताच शॉर्ट होतो. म्हणून असे कपॅसिटर ‘अजून चालताहेत’ म्हणून ठेवू नका, पहिली वीज देण्याआधीच काढा. त्याजागी तितक्याच मायक्रोफॅरडचा, एक्स-२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावण्यासाठीचा) फिल्म कपॅसिटर घाला. जो मेन्स आणि चासीच्या (मशीनच्या धातूच्या सांगाड्याच्या) मध्ये आहे तो मात्र वाय वर्गाचाच हवा, कारण तो शॉर्ट झाला तर पूर्ण चासी जिवंत होते.

मोटारीचा कपॅसिटर बदलताना ‘मोटार-रन’ प्रकारचा, त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक एसी व्होल्टेजचा घ्या. मूल्य वाढवले म्हणून जोर वाढत नाही, मोटार तापते आणि घरघरते.

मग सगळेच कपॅसिटर एका दमात बदलून टाकावेत का?

हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आम्ही तो देत नाही. पन्नास कपॅसिटर एकदम बदलल्यावर मशीन बोलले नाही, तर मूळ दोष आणि तुमची चूक वेगळी काढता येत नाही. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण टोके असलेले) कपॅसिटर आधी बदला. स्पीकरमधली सततची गुणगुण बहुधा त्यांच्याचमुळे येते. मूल्य तेच किंवा वीस टक्क्यांपर्यंत जास्त, व्होल्टेज तितके किंवा अधिक, तापमान १०५ अंशांचे. दिशा उलटी होऊ देऊ नका. त्यानंतर स्टिरिओ मशीनमध्ये एकाच चॅनेलचे सिग्नल-मार्गावरचे इलेक्ट्रोलिटिक बदला आणि दुसऱ्याशी तुलना करा. न छेडलेला चॅनेल हाच तुमचा नमुना. सिरॅमिक आणि फिल्म कपॅसिटर सहसा बिघडत नाहीत. बायस ऑसिलेटरच्या (रेकॉर्डिंगवेळी हेडला उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह देणाऱ्या सर्किटच्या) कॉइलजवळचे तर अजिबात बदलू नका, ते बदलले की बायसची फ्रिक्वेन्सीच सरकते.

व्हॉल्व्ह मशीनमधले मेणकागदी कपॅसिटर हा याला अपवाद. ते सगळे काढायचे. त्यांतला आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या नियंत्रक जाळीला) जाणारा पहिला. तो गळायला लागला की ग्रिडवर डीसी चढतो, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. एक स्वस्त कपॅसिटर महागडा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो.

मोटारीचा आवाज येतो, पण टेप हलत नाही.

बेल्ट. तुटला असेल, सैल झाला असेल, किंवा वितळून डांबर झाला असेल. तिसरा प्रकार सगळ्यात ओंगळ. रबरी हातमोजे घाला, मोठे गोळे लाकडी काडीने उचला आणि उरलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. चाकाच्या खोबणीला लोखंडी टोक लावू नका, ओरखडा कायमचा वेगात उमटतो. पुलीवर डांबराचा मोहरीएवढा ठिपका राहिला तरी दर फेऱ्याला हेलकावा येतो.

नव्या बेल्टचे माप घ्यायला ताण न देता दोरा बेल्टच्या वाटेने गुंडाळून त्याची लांबी मोजा. चपट्या बेल्टसाठी त्यातून ३ ते ५ टक्के वजा करा, चौकोनी बेल्टसाठी ५ ते १० टक्के. ‘घट्ट असलेला बरा’ असे म्हणून आणखी आखूड बेल्ट लावला तर मोटारीच्या बेअरिंगवर तिरका भार येतो.

काही मशीनमध्ये बेल्टऐवजी रबरी आयडलर चाक असते. त्याची कड चकचकीत झाली की ते घसरते. बारीक, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी काढा, पण चाक फिरवत ठेवून, नाहीतर गोल चाकाला चपटा डाग पडतो. कड टणक झाली असेल किंवा तडकली असेल तर नवे रबर चढवून घ्यावे लागते.

बटण दाबले जाते, पण परत येत नाही. लिव्हर दगडासारखा घट्ट आहे.

जुने ग्रीस. तेल सुकून साबणासारखा थर उरतो आणि सरकणाऱ्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. जोर लावू नका, झिंक-मिश्रधातूचे लिव्हर कडकन मोडतात. आयसोप्रोपिल सोडा, दहा मिनिटे थांबा, हळूहळू हलवा, पुन्हा सोडा. पूर्ण सुटल्यावर जुना थर पुसून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जाम झालेले नट-बोल्ट सोडवण्याचा स्प्रे इथे वंगण म्हणून चालत नाही. तो आज मोकळे करतो, पण उडून जाताना उरलेसुरले तेल घेऊन जातो आणि त्याचा तुषार ब्रेकवर आणि रबरावर बसतो.

मोटारीच्या आणि कॅपस्टनच्या (टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) सच्छिद्र ब्राँझच्या बुशांना टर्बाइन ऑइलसारखे हलके तेल एक-दोन थेंब. पिंच रोलरच्या खिळ्याला एकच थेंब, आणि तोही रबरापर्यंत पोचता कामा नये.

वेग बरोबर आहे की नाही, हे उपकरणाशिवाय कसे तपासायचे?

टाकाऊ टेपच्या मागच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने दोन खुणा करा, बरोबर ११ मीटर ४३ सेंटिमीटर अंतरावर. सेकंदाला १९ (नेमके १९.०५) सेंटिमीटरच्या वेगाला या दोन खुणा हेडसमोरून जायला ६० सेकंद लागले पाहिजेत, ९.५च्या वेगाला १२०. साठात अर्धा सेकंद इकडे-तिकडे असेल तर घरगुती मशीनसाठी उत्तम. हीच चाचणी स्पूल भरलेला असताना आणि संपत आलेला असताना अशी दोनदा करा. दोन वेळांत फरक पडला तर टेप कुठेतरी घसरते आहे. पिंच रोलरचा दाब कमी आहे किंवा मागच्या स्पूलचा ताण जास्त.

६० ऐवजी नेमके ७२ सेकंद लागत असतील तर बिघाड शोधू नका. ६० हर्ट्झच्या देशासाठी बनलेले मशीन ५० हर्ट्झवर चालते आहे. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मोटारीची पुली किंवा कॅपस्टनवरची नळी बदलावी लागते. काही मशीनमध्ये दोन्ही मापांची पुली एकावर एक असते, बेल्ट फक्त सरकवायचा. मोटारीच्या जोडणीचा किंवा कपॅसिटरचाही बदल लागतो का, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. कारण कुठे शोधू?

सरळ गणिताने. हेलकावा सेकंदाला किती वेळा येतो ते मोजा आणि तितके फेरे घेणारा भाग शोधा. समजा पिंच रोलरचा व्यास २५ मिलिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ७८ मिलिमीटर, म्हणजे १९ सेंटिमीटरच्या वेगाला तो सेकंदाला जवळजवळ अडीच फेरे घेतो. ६ मिलिमीटरचा कॅपस्टन त्याच वेगाला दहा फेरे घेतो. म्हणून संथ, मोजता येणारा हेलकावा रोलरचा किंवा स्पूलचा, आणि गाणाऱ्याचा आवाज कापरा वाटावा अशी जलद थरथर कॅपस्टनची.

थरथर असेल तर आधी कॅपस्टन साफ करा. त्यावर तपकिरी ऑक्साइडचे कडे चिकटलेले असते आणि नुसत्या डोळ्यांना ते धातूचाच रंग वाटते. रोलर कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून पुसा. रबरात नखाने दाबून खळगा पडत नसेल तर रोलर संपला, साफसफाईने तो परत येत नाही.

हेड कसे साफ करायचे?

९९ टक्के आयसोप्रोपिल, घट्ट गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि टेप ज्या दिशेने जाते त्या दिशेने हात. बोळा पांढरा राहीपर्यंत बदलत राहा. टेपला स्पर्श करणारा प्रत्येक धातूचा भाग पुसायचा, गाइड आणि ताणाचा दांडाही. दर आठ-दहा तासांच्या वापरानंतर पुन्हा.

नंतर डिमॅग्नेटायझर, म्हणजे हेडमध्ये साठलेले चुंबकत्व काढणारे साधन. मशीन बंद, सगळ्या टेपा दोन मीटर लांब. साधन हेडपासून एक मीटरवर धरून चालू करा, सावकाश जवळ आणा, प्रत्येक हेड, गाइड आणि कॅपस्टनवरून संथ फिरवा, तसेच सावकाश एक मीटर मागे घ्या आणि मगच बंद करा. हेडजवळ असताना वीज गेली किंवा बटण सुटले तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीत होते. तसे झाल्यास पूर्ण क्रिया पुन्हा करा.

हेड झिजले आहे हे कसे ओळखावे?

तिरप्या उजेडात पाहा. टेपने हेडवर चपटा पट्टा घासलेला दिसतो, तो दोन्ही टोकांना सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद असेल तर हेड झुकलेले आहे. पट्ट्याच्या वरच्या-खालच्या कडेवरून नख हळूच फिरवा. नख अडकले तर खाच पडली आहे, टेप त्या खाचेत बसते आणि तीव्र स्वर येत-जात राहतात. अशा हेडला घासून पुन्हा आकार देता येतो, पण ते घरी करायचे काम नाही. गॅपची (हेडमधल्या अतिबारीक फटीची) रेघ डोळ्यांना सरळ दिसू लागली असेल तर उपाय नाही, हेड बदलायचे. फेराइट आणि काचेची हेड क्वचितच झिजतात, मात्र धक्क्याने त्यांचा टवका उडतो.

एक चॅनेल गप्प आहे.

बहुतेक वेळा रेकॉर्ड-प्ले स्विच. हा लांबट, अनेक पायांचा सरकता स्विच असतो, चांदीचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट आत लपलेले. नळीने कॉन्टॅक्ट क्लीनर सोडा आणि प्लग काढलेला ठेवून स्विच वीस-तीस वेळा पुढे-मागे करा. आवाजाचे पॉट (कमी-जास्त करायचे नॉब), इनपुटचे खटके, रिले यांचेही तेच.

तरी बोलत नसेल तर हेडच्या दोन चॅनेलच्या वायरी अदलाबदल करून पाहा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर हेड किंवा त्याची वायर, जिथल्या तिथे राहिला तर अँप्लिफायर. अँप्लिफायरमध्ये प्लास्टिकच्या काडीने हलके टकटक करत जा, कच्चा सोल्डर लगेच खरखरतो. सतत फसफस करणारा चॅनेल मात्र बहुधा जुन्या ट्रान्झिस्टरचा. हेडची कॉइल मल्टिमीटरने मोजता येते, पण मीटरचा डीसी करंट हेडला चुंबकीत करतो. मोजल्यावर डिमॅग्नेटाइझ केल्याशिवाय त्यावर टेप लावू नका.

गाण्यामागे कोणीतरी उलटे बोलते आहे.

मशीन बिघडलेले नाही. चार ट्रॅकची, दोन्ही बाजूंनी भरलेली टेप तुम्ही दोन ट्रॅकच्या मशीनवर लावली आहे. रुंद हेड शेजारचा उलट्या दिशेचा ट्रॅकही वाचते. चार ट्रॅकचे मशीन शोधा.

नवे रेकॉर्डिंग फाटके, बारीक येते आणि जुना आवाज खाली तसाच राहतो.

दोन्ही लक्षणे एकदम असतील तर बायस ऑसिलेटर बंद आहे, कारण पुसणारे हेड आणि रेकॉर्डिंगचा बायस दोन्ही त्याच्यावरच चालतात. त्याला मिळणारा सप्लाय आणि रेकॉर्ड स्विचचा संबंधित कॉन्टॅक्ट तपासा, मग ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह. रेकॉर्डिंग चांगले पण जुने पुसले जात नाही, असे असेल तर बहुधा पुसणारे हेड नुसते मळले आहे.

आवाज दबका आहे. अॅझिमथचा (हेडच्या टेपशी असलेल्या कोनाचा) स्क्रू फिरवू का?

हेड आणि टेप साफ असल्याची खात्री झाल्यावरच. आधी स्क्रूच्या सध्याच्या स्थितीची खूण करा. नीट जुळणीसाठी १० किलोहर्ट्झचा स्वर असलेली चाचणी-टेप लागते. ती वाजवताना दोन्ही चॅनेल एकत्र करून पातळी कमाल येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आधी कमी फ्रिक्वेन्सीवर, मग १० किलोहर्ट्झवर, नाहीतर खोट्या शिखरावर थांबाल. पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावे लागत असेल तर हात थांबवा, दोष दुसरीकडे आहे.

जुन्या टेपची प्रत काढायची असेल तर त्या टेपलाच चाचणी-टेप माना. मोनो ऐकत स्पष्टता कमाल होईल तिथे स्क्रू ठेवा, प्रत झाली की खुणेवर परत. आणखी एक गोष्ट कानाला अॅझिमथसारखीच वाटते. १९ सेंटिमीटरच्या वेगाला एनएबी या अमेरिकी मानकाचे इक्वलायझेशन (मंद-तीव्र स्वरांची ठरावीक भरपाई) ५० मायक्रोसेकंदांचे आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाचे ७० मायक्रोसेकंदांचे असते. टेप एकाची आणि मशीन दुसऱ्याचे असेल तर तीव्र स्वर बदलतात, आणि तो फरक स्क्रूने भरून निघत नाही.

टेप किंचाळते, अडखळते आणि हेडवर काळा चिकटा सोडते.

लगेच थांबवा, पुढचा प्रत्येक मीटर म्हणजे खरवडून गेलेला आवाज. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या, मागे काळा मॅट थर असलेल्या बऱ्याच टेपांचा पॉलियुरेथेन बाइंडर (चुंबकी कण धरून ठेवणारा गोंद) हवेतला ओलावा शोषून विघटित होतो. अँपेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ आणि २५० ही यातली ठळक नावे. उपाय म्हणजे मंद भाजणी. ५४ अंश सेल्सिअसला, हवा फिरवणाऱ्या फळे-वाळवणाऱ्या यंत्रात, सुमारे आठ तास. मध्ये एकदा स्पूल उलटा, आणि बंद केल्यावर तितकाच वेळ गार होऊ द्या. तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा. स्वयंपाकाच्या ओव्हनचे तापमान वर-खाली होते, आणि मायक्रोवेव्हचा विचारही नको. परिणाम काही आठवडे टिकतो, तेवढ्यात प्रत काढून घ्या.

भाजण्याआधी एक चाचणी अनिवार्य. स्पूल बाजूने उजेडासमोर धरा. टेपच्या थरांतून उजेड पार होत असेल तर ती अॅसिटेटची, १९६०च्या दशकातली किंवा त्याआधीची. ती कधीही भाजायची नाही, आक्रसून कायमची वाकडी होते. व्हिनेगरसारखा वास हे अॅसिटेट सडत असल्याचे चिन्ह, अशी टेप इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिची प्रत आधी काढा.

बटण बंद केले की टेपचे वेटोळे बाहेर पडते.

ब्रेक. थांबताना ज्या स्पूलवरून टेप सुटते त्याचा ब्रेक दुसऱ्यापेक्षा घट्ट लागला पाहिजे. पट्ट्यावर तेलाचा अंश असेल तर धातूची बाजू आयसोप्रोपिलने पुसा, फेल्ट तेलकट झाले असेल तर बदला. स्प्रिंग वाकवून ताण वाढवणे शेवटी, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखे नाही.

टेप तुटली. साधी चिकटपट्टी चालेल?

नाही, तिचा गोंद पसरून शेजारचे थर चिकटतात. स्प्लायसिंग टेपच (टेप जोडण्याची खास पट्टी) वापरा. टेप कापण्याच्या ठोकळ्याच्या खोबणीत दोन्ही टोके चकचकीत बाजू वर ठेवून ४५ अंशांत कापा, टोके एकमेकांवर न चढवता भिडवा, दोन सेंटिमीटरचा तुकडा पाठीवर लावा आणि नखाने घासा. अॅसिटेट सरळ तुटते, त्यामुळे काही न गमावता जुळते. पॉलिएस्टर आधी ताणते, मग तुटते. तो ताणलेला, वळलेला भाग कापून टाकावा लागतो.

दुरुस्तीनंतर टेप कशी ठेवायची?

वाजवून संपलेली टेप तशीच, शेवट बाहेर राहील अशी ठेवा, घाईने मागे गुंडाळून नको. वेगाने गुंडाळताना थर सैल-घट्ट बसतात आणि कडा दुमडतात. शिवाय शेजारच्या थरांवर उमटणारा प्रतिध्वनी अशा वेळी मूळ आवाजाच्या नंतर येतो, आधी नाही, त्यामुळे कानाला कमी खटकतो. स्पूल उभा ठेवा, आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब.